शिकागोचे चार मुक्काम आणि आईची एक गोळी

मार्च-एप्रिल उजाडला, की वाशीममधील माझ्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. सत्तरीच्या आसपासचे एखादे जोडपे येते. हातात औषधांची पिशवी असते. चेहऱ्यावर थोडा संकोच आणि पुष्कळसा आनंद असतो. "डॉक्टरसाहेब, लेकाकडे अमेरिकेला चाललो. तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." पूर्वी हे भाग्य पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचे मानले जाई. आता रिसोड, मंगरूळपीर, कारंजा येथील कितीतरी घरांतील मुले-मुली तिकडे स्थायिक झाली आहेत.

गोळ्या लिहून देणे सोपे असते. मुलाच्या घरी राहणेही फारसे अवघड नसते. तेथे आपली खोली, आपले स्नानगृह आणि आपल्या वेळेचा चहा असतो. खरी कसोटी लागते ती तेथून निघणाऱ्या छोट्या सहलीत. "आई-बाबा एवढ्या लांबून आले आहेत, तर चार दिवस मोठे शहर दाखवून आणू," असे मुले प्रेमाने ठरवतात, आणि त्या चार दिवसांत वृद्ध शरीराची घडी विस्कटते. या लेखात त्या चार दिवसांविषयीच लिहायचे आहे. डॉक्टर म्हणून या विषयातले मला जे ठाऊक होते, त्याहून अधिक मी मुलगा म्हणून शिकलो, आणि तेही आईच्या अंगावर बेतल्यानंतर.

अकरा ठिकाणांची यादी

माझी आई शहात्तर वर्षांची. रिसोड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत तिने आयुष्यभर शिकवले. रक्तदाब व मधुमेह जुने. त्यात चार वर्षांपूर्वी हृदयाचे पंपिंग कमी झाल्याचे निदान झाले. तेव्हापासून इतर औषधांबरोबर रोज सकाळी लघवीची एक गोळी तिला घ्यावी लागते. एका जून महिन्यात मी, पत्नी आणि आई असे तिघे शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गाला लागून नागपूर, तेथून मुंबई आणि पुढे अमेरिकेत इंडियानापोलिस येथे धाकट्या भावाकडे पोहोचलो. दोन आठवडे छान गेले. मग भावाने शिकागोची सहल आखली. गाडीने तीन-साडेतीन तासांचा रस्ता, गुरुवार ते सोमवार असे चार मुक्काम, आणि पाहण्याच्या ठिकाणांची यादी अकरा.

यादी मी पाहिली होती. "आई, जमेल ना?" असे विचारलेही होते. "न जमायला काय झालं?" असे तिने उत्तर दिले, आणि आम्हा दोघा भावांचे समाधान झाले.

गुरुवारी दुपारी आम्ही मिलेनियम पार्कमध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ते चकचकीत पोलादी शिल्प पाहिले. शिकागोकर त्याला लाडाने 'बीन', म्हणजे घेवड्याचा दाणा, म्हणतात. त्यानंतर एकशेदहा मजली विलिस टॉवर. ढाक्यात जन्मलेले अभियंता फजलुर रहमान खान यांच्या कल्पकतेने ही इमारत उभी राहिली आणि १९७४ पासून जवळजवळ पाव शतक ती जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखली जात होती. वरून शहर सुंदर दिसते. पण वर जाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. शुक्रवारी प्राणिसंग्रहालय, बंदराचा धक्का, बाजार आणि रात्री देवॉन मार्गावर भारतीय जेवण. आई आमच्याबरोबर सगळीकडे होती. हसत होती, छायाचित्रांत उभी राहत होती. ती पाणी जवळजवळ पीत नव्हती, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

शुक्रवारची रात्र

रात्री साडेबाराच्या सुमारास पत्नीने मला उठवले. आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. आडवे झाले की दम लागत होता, बसले की बरे वाटत होते. मी पायमोजे काढले. घोट्याच्या वर मोज्याच्या काठाची खोल वळी उमटली होती. नडगीवर बोट दाबले तर खळगा पडत होता. मी विचारले, "आई, लघवीची गोळी कधी घेतलीस?"

ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन दिवस झाले, घेतलीच नाही. घडीघडी बाथरूम कुठं शोधत बसू? पोरायचा खोळंबा कायले करा?"

घडलेला प्रकार वैद्यकीयदृष्ट्या अगदी सरळ होता. हृदयाचा जोर कमी असला की शरीरात मीठ व पाणी साठू लागते. लघवीची गोळी ते बाहेर काढते. दोन दिवस ती गोळी बंद. त्यात उपाहारगृहांतले पदार्थ, सूप, चिप्स, लोणचे, म्हणजे एरवीच्या दुप्पट मीठ. शिवाय दिवसभर उभे राहणे आणि गाडीत पाय लोंबते. साठलेले पाणी दिवसा पायांत उतरले आणि रात्री आडवे होताच छातीकडे सरकले. आईने पाणी कमी पिऊन हिशेब जुळवू पाहिला होता. परंतु साठवणुकीचे मूळ मिठात आणि चुकलेल्या गोळीत होते.

बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र माझ्याजवळ होते. आकडा ९५ होता, छातीत दुखत नव्हते, बोलताना धाप लागत नव्हती. शिकागोत रात्रीचा एक म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेअकरा. अकोल्यातील तिचे हृदयरोगतज्ज्ञ बाह्यरुग्ण विभागात होते. त्यांनी लगेच फोन घेतला. त्यांच्या सल्ल्याने नेहमीच्या मात्रेची एकच गोळी दिली, उशांचा उतार करून तिला टेकून बसवले. दोन तासांत तीन वेळा लघवी झाली आणि श्वास शांत झाला. तसे झाले नसते, तर रुग्णवाहिकेसाठी ९११ लावण्याचे मी मनाशी ठरवले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हे मी केले ते तपासणी करू शकत होतो आणि तिचे डॉक्टर फोनवर होते म्हणून. वाचकांपैकी कोणावर ही वेळ आली, आडवे होताच दम लागू लागला, छातीत दुखू लागले, ओठ निळसर दिसले किंवा वागण्यात गोंधळ जाणवला, तर वाट न पाहता ९११ लावावे. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दुप्पट मात्रा कधीही घेऊ नये.

सकाळी विमा कंपनीच्या यादीतील एका लहान दवाखान्यात आईची तपासणी करवून घेतली. तेथील डॉक्टरांना आपल्याकडील औषधांची बाजारी नावे अर्थातच कळेनात. उपयोगी पडले ते दोन कागद: औषधांची मूळ शास्त्रीय नावे लिहिलेली चिठ्ठी आणि मोबाइलमध्ये ठेवलेली जुन्या ईसीजीची प्रत. जुना व नवा आलेख सारखाच आहे हे पाहून त्यांनी पुढची मोठी तपासणी टाळली आणि दोन दिवस सबुरीने घ्या, एवढेच सांगितले.

गोळी सोडायची नाही, वेळ बदलायची

अकोल्याच्या तज्ज्ञांनी रात्री आणखी एक साधी गोष्ट सांगितली होती. "बाहेर जायचे त्या दिवशी गोळी सकाळी न देता दुपारी परत आल्यावर द्या." या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि मुख्य जोर पुढच्या तीन-चार तासांत ओसरतो. म्हणजे सकाळी दोन-तीन तास बाहेर, दुपारी दीडला खोलीवर, जेवण, गोळी, विश्रांती, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर. जूनमध्ये शिकागोत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. संध्याकाळ हाती भरपूर असते. हा बदल प्रत्येक रुग्णाला चालेलच असे नाही, म्हणून तो निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. मी स्वतः डॉक्टर असून आईच्या बाबतीत तो आधी विचारला नव्हता, ही माझी चूक.

भावाने अकरा ठिकाणांची यादी बाजूला ठेवली आणि आईला प्रथमच वेगळा प्रश्न विचारला: "आई, तुला स्वतःला काय पाहायचं आहे?" उत्तर तयार होते. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, विवेकानंद जेथे बोलले ती जागा. कारण तिच्या वर्गाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे त्यांचे चित्र होते. आणि दुसरे, "ते मोठं पाणी, जवळून."

शनिवारी संध्याकाळी आम्ही फक्त मिशिगन सरोवराच्या काठी गेलो. बाकावर दीड तास बसलो. समोर पलीकडचा काठ दिसत नाही. आईने विचारले, "खारं का गोडं?" गोडे आहे, शहर हेच पाणी पिते, असे सांगितल्यावर ती बराच वेळ बोललीच नाही. आपल्या वाशीम जिल्ह्याच्या दहापटींहून मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा सांगून कळत नाही, काठावर बसूनच कळतो.

विवेकानंदांची इमारत आणि उलटी वाहणारी नदी

११ सप्टेंबर १८९३ रोजी तीस वर्षांचे विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती परिषद आजच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या इमारतीत भरली होती. परिषदेची सभागृहे पुढे राहिली नाहीत. इमारत मात्र तीच आहे. २०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी येथील भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर विवेकानंदांच्या त्या भाषणाचे शब्द दिव्यांनी उजळवले होते.

आईला जिना चढवायचा नव्हता. या संग्रहालयात प्रवेशद्वाराशीच व्हीलचेअर विनामूल्य मिळते. आईने ती पाहताच मान फिरवली. "मी काय लुळी झाले?" तेवढ्यात तिच्याहून वयाने लहान वाटणाऱ्या एक बाई छान पोशाख करून, गळ्यात मोत्यांची माळ घालून स्वतःच खुर्ची मागायला आल्या, बसल्या आणि नातवाला डावीकडे-उजवीकडे आज्ञा देत निघून गेल्या. आईने ते नीट पाहिले. "ठीक आहे, आण," म्हणाली. उद्वाहनाने वर गेलो. जिन्याच्या माथ्याशी ती खुर्चीतून उठली, कठड्याला धरून उभी राहिली आणि हात जोडले. एकूण दीड तास आम्ही तेथे होतो. ती दमली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी शिकागो नदीतून नौकाविहार केला. दीड तास बसून राहायचे, नौकेवर स्वच्छतागृहाची सोय, दोन्ही काठांवर शहरातील नामांकित इमारती. वृद्धांसाठी या शहरात याहून सोयीचे दर्शन मला सापडलेले नाही. वारा मात्र जूनमध्येही बोचरा असतो. स्वेटर आणि कानटोपी न्यावी.

या नदीची एक कथा डॉक्टर म्हणून मला फार जवळची वाटते. एकोणिसाव्या शतकात शहराची घाण नदीत, नदी सरोवरात आणि सरोवराचे पाणी नळाला, असा प्रवास होता. विषमज्वराने माणसे मरत. तेव्हा शहराने सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खणला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. सरोवरात मिळणारी नदी सरोवराकडून दूर वाहू लागली. पिण्याच्या पाण्यापासून सांडपाणी वेगळे करणे, हे औषधांच्या आधीचे औषध. आईने ही कथा मला दोनदा सांगायला लावली.

निघण्यापूर्वी काय करावे

घरी महिनाभर रोज चालावे आणि किती मिनिटांनी बसावेसे वाटते ते लिहून ठेवावे. तो आकडा मुलांना कळवावा. वीस मिनिटांनी बसावे लागत असेल, तर सहलीतही दर वीस मिनिटांनी बसण्याची जागा हवी. यात कमीपणा नाही.

औषधे पूर्ण मुदतीची, वर आठवड्याची अधिक, मूळ वेष्टनांसह न्यावीत. चिठ्ठी इंग्रजीत, टंकलिखित आणि शास्त्रीय नावांसह घ्यावी. तिकडे रक्तदाबाची किंवा प्रतिजैविकाची गोळी तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पॅरासिटामॉल मात्र सहज मिळते, पण 'अ‍ॅसिटामिनोफेन' या नावाने. दोन्ही वेगळी समजून एकत्र घेऊ नयेत. औषधे आणि इन्सुलिन जवळच्या बॅगेत ठेवावे. विमानाच्या पोटातील सामानात इन्सुलिन गोठू शकते. इन्सुलिनच्या वेळा प्रवासात कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

प्रवासविमा घेताना जुन्या आजारांबाबतची कलमे मुलांनी स्वतः वाचावीत. बऱ्याच विम्यांत जुना आजार वगळलेला असतो किंवा तो अचानक बळावला तरच मर्यादित खर्च मिळतो. विम्याचा क्रमांक व औषधांची यादी आजी-आजोबांच्या स्वतःच्या खिशातही असावी.

विमानतळावरील व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागावी. लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने पोटऱ्या हलवाव्यात, शक्य तेव्हा चालावे. पायांच्या शिरांत पूर्वी गाठ झाली असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे. पोहोचल्यावर पहिला आठवडा सहल ठेवू नये. घड्याळातला साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक शरीराला पचायला तेवढे दिवस लागतात.

सहलीच्या दिवसांत

दिवसाला दोनच ठिकाणे: एक सकाळी, एक संध्याकाळी. मधला वेळ खोलीचा. मुक्काम पाहण्याच्या ठिकाणाजवळ घ्यावा. थोडे पैसे जास्त गेले तरी दुपारची विश्रांती त्यातूनच मिळते.

स्वच्छतागृह कोठे आहे, हे ठिकाण ठरवतानाच पाहावे. मोठ्या अमेरिकन शहरात रस्त्यावर स्वच्छतागृहे क्वचितच दिसतात. ती संग्रहालयांत, ग्रंथालयांत आणि मोठ्या दुकानांत असतात. मिलेनियम पार्कसमोरचे शिकागो कल्चरल सेंटर हे त्यासाठी उत्तम. १८९७ मध्ये शहराचे ग्रंथालय म्हणून बांधलेली ही देखणी इमारत पाहायला पैसे लागत नाहीत, बसायला जागा असते आणि रंगीत काचेचा प्रचंड घुमटही पाहायला मिळतो. पाण्याऐवजी कागद वापरण्याची सवय नसल्याने अनेक ज्येष्ठ शौच दाबून ठेवतात व बद्धकोष्ठ ओढवून घेतात. पिशवीत एक लहान मग किंवा रिकामी बाटली ठेवावी, प्रश्न मिटतो.

हॉटेलचे टब हे पडण्याचे मोठे ठिकाण. खोली घेतानाच टबाविना स्नानगृह मागावे. रात्री एक दिवा चालू असावा. खुल्या चपला आणि घोळदार साडी सरकत्या जिन्यावर अडकते. तेथे उद्वाहनच वापरावे.

मधुमेही व्यक्तींनी रोज रात्री तळपाय दिव्याखाली पाहावेत किंवा दुसऱ्याला पाहू द्यावेत. बधिर पायाला फोड कळत नाही. नवे बूट सहलीत प्रथम घालू नयेत. जेवण लांबले तर साखर उतरते. खिशात साखर व बिस्किटे हवीतच. सहलीच्या दिवसांत चतुर्थी-एकादशीचे उपवास इन्सुलिन घेणाऱ्यांनी करू नयेत.

मुलांसाठी

"बरं आहे ना?" या प्रश्नाला आपल्या आई-वडिलांकडे एकच उत्तर असते. म्हणून तो प्रश्न विचारू नये. "सकाळची गोळी कोणत्या वेळी घेतली? रात्री किती वेळा उठलात? पायमोज्यांची वळी पडली आहे का, दाखवा बरं," असे विचारावे. हृदयरोग असेल तर रोज सकाळी वजन करावे. दोन दिवसांत एक-दीड किलो वाढले, की डॉक्टरांना कळवावे.

आई खोटे बोलली, असे मी म्हणणार नाही. आमच्या अकरा ठिकाणांच्या यादीत तिच्या गोळीसाठी जागाच नव्हती. तिने स्वतःपुरती वाट काढली.

परतून आता बराच काळ लोटला. आई बालाजी मंदिरात भेटणाऱ्या मैत्रिणींना शिकागोविषयी सांगते, तेव्हा त्यात एकशेदहा मजल्यांची इमारत नसते. काठ न दिसणारे गोडे पाणी असते, उलटी वळवलेली नदी असते आणि मोत्यांच्या माळेची ती खुर्चीतली बाई असते. माझ्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्यायला कोणी आले, की मी मुलांनी आखलेली सहलीची यादीही मोबाइलवर मागवून घेतो. मग चिठ्ठीच्या डोक्यावर, औषधांच्याही आधी, लिहितो: दिवसाला दोन ठिकाणे, दुपारी विश्रांती, गोळी चुकवू नये.